ली यंग-ए : 'दे जांग गुम'नंतरची तेरा वर्षं

चांदणवेल (धागाकर्ती)

'दे जांग गुम' पुन्हा पहिल्यापासून बघून संपवली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सोळाव्या शतकातला कोरिया. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात वाढलेली जांग-गुम नावाची एक अनाथ मुलगी कटात अडकते, गुलाम होऊन बेटावर हद्दपार होते, तिथे वैद्यकी शिकते आणि राजाची वैद्य होण्यापर्यंत पोचते. मुख्य भूमिकेत ली यंग-ए.

मालिका एमबीसी वाहिनीवर सप्टेंबर २००३ ते मार्च २००४ या काळात सोमवार-मंगळवारी लागायची, एकूण ५४ भाग. शेवटी शेवटी तिचं रेटिंग पन्नास टक्क्यांच्या वर गेलं होतं. २००३ चा एमबीसीचा सर्वोच्च अभिनय पुरस्कार ली यंग-एला मिळाला. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. २००५ मध्ये तिने दिग्दर्शक पार्क चान-वूकच्या 'लेडी व्हेंजन्स' या सिनेमात काम केलं आणि कोरियन सिनेमाचा ब्लू ड्रॅगन पुरस्कार घेतला. त्यानंतर मात्र काहीच नाही. २००९ मध्ये लग्न, २०११ मध्ये जुळी मुलं. मालिकेत ती परत दिसली थेट जानेवारी २०१७ मध्ये, सिनेमात २०१९ मध्ये.

पस्तिशी ते पंचेचाळिशी हा नटीच्या आयुष्यातला सगळ्यात सकस काळ. समज आलेली असते, चेहऱ्यावर काही साठलेलं असतं, आणि अंगात ताकदही असते. इतकी मोठी अभिनेत्री त्या काळात पडद्यावर नव्हती याची मला खरोखर हळहळ वाटते. तुम्हाला काय वाटतं? तिने थांबायला नको होतं का?

खडीसाखर

ही दूरदर्शनवर 'घर का चिराग' नावाने हिंदीत लागायची तीच ना? २००६ च्या आसपास? माझी आजी तिला 'ती चिनी वैद्यीण' म्हणायची आणि ती सुरू असताना कुणी मध्ये बोललेलं तिला खपायचं नाही.

बोरूबहाद्दर

तीच. आमच्याकडे बाकीच्या वाहिन्यांवर सासू-सुनांचा धुमाकूळ चालू होता तेव्हा सरकारी वाहिनीवर कोरियन राजवाडा. कोरियन मालिका म्हणजे काय हे तोवर आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. आता भाच्या त्या गायकांच्या नावांची जपमाळ ओढतात, त्यांना सांगितलं की आम्ही कोरियन मालिका वीस वर्षांपूर्वी बघितलीय तर विश्वास ठेवत नाहीत.

दर्यावर्दी

दुबईत आमच्या हपिसात इराणी सहकारी बरेच. इराणमध्ये ही मालिका त्यांच्या सरकारी वाहिनीवर लागली तेव्हा रस्ते ओस पडायचे असं ते सांगतात. जांग-गुमला ते 'यांगोम' म्हणतात. आमचा एक चाळिशीचा इराणी इंजिनीयर तिचं शीर्षकगीत शिट्टीवर वाजवतो, आणि मग मीही. श्रीलंकेतही २०१२ मध्ये सिंहली भाषेत लागली होती.

चांदणवेल, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण एक सांगतो. एवढ्या देशांत एकाच चेहऱ्याने लोकांना बांधून ठेवल्यावर पुढचं काम निवडणं किती कठीण होत असेल.

सोलकढी

माझ्यासाठी ही मालिका म्हणजे स्वयंपाक. भाजी चिरण्याचा आवाज, वाफ, पितळी भांडी. यातलं राजघराण्याचं जेवण हान बोंग-न्यो... थांबा, नाव नीट लिहिते: हान बोक-र्यो यांच्या देखरेखीखाली झालं. त्या सोलमधल्या राजघराण्याच्या पाककलेच्या संस्थेच्या प्रमुख. त्यांची आई ह्वांग हे-सेओंग यांनी ही विद्या जोसोन (कोरियाचं जुनं राजघराणं) दरबारातल्या शेवटच्या मुदपाकखान्यातल्या बाईंकडून प्रत्यक्ष शिकून घेतली होती. म्हणजे मालिकेतल्या ताटापर्यंत ती विद्या हातोहात आलेली आहे. म्हणूनच ती ताटं नुसती सजावटीची वाटत नाहीत.

आणि ते पिकल्या तेंदूफळाचं दृश्य! मांसात गोडवा कशाने आला असं विचारल्यावर सगळ्या मुली साखर म्हणतात, आणि ही चिमुरडी म्हणते, चावताना तेंदूफळाची चव लागली म्हणून तेंदूफळ म्हटलं, आता का लागली ते कसं सांगू.

बखरकार

सोलकढी, ते दृश्य छोट्या जांग-गुमचं, म्हणजे जो जंग-उन या बालकलाकाराचं. ली यंग-ए त्यानंतर येते. तिचं खरं दृश्य जीभ बधिर होते तेव्हाचं. चवच कळेनाशी झालेली स्वयंपाकीण, आणि हान सांगगुंग (मुदपाकखान्यातली तिची गुरू) तिला सांगते की तुला चव मनात रेखाटता येते, तिच्यावर विसंबून रांध. ली यंग-ए त्या प्रसंगात जवळजवळ काही करत नाही. पळी भांड्यावर धरून नुसती थांबते. तेवढ्यात भीती आणि हट्ट दोन्ही कळतात.

इतिहासाबद्दल थोडं. जांग-गुम ही खरी व्यक्ती. जोसोन राजांच्या दैनंदिन नोंदींत, राजा जुंगजोंगच्या काळात (१५०६ ते १५४४), तिचा उल्लेख मोजक्या ठिकाणी येतो. १५१५ मध्ये राणी बाळंतपणानंतर वारली तेव्हा तिला शिक्षा करा असा मंत्र्यांचा आग्रह होता, राजाने तो मानला नाही. १५४४ मध्ये राजा शेवटच्या दुखण्यात असताना त्याने सांगितलं की माझ्या प्रकृतीचं त्या स्त्रीवैद्याला ठाऊक आहे. एवढंच. तिचे आईबाप, बालपण, प्रेम, मुदपाकखाना यातलं काही त्या नोंदींत नाही. ते सगळं लेखिका किम यंग-ह्यनचं. एवढ्या ओळींवर ५४ भाग उभे करायचे म्हणजे नटीवर केवढा भार! तिच्यापुढे अनुकरणाला चित्र नाही, वर्णन नाही.

वऱ्हाडी_ठेचा

तुमचं सारं खरं हाय, पन त्या दोक-गू अन् त्याच्या बायकोबद्दल कोनीच नाई बोलून राह्यलं. दारू गाळनारं ते जोडपं नसतं तं आमच्या बापूनं मालिका पाह्यलीच नसती. घरी भांडन झालं का बापू म्हने, "चालू झालं दोक-गूचं घर."

रातराणी

बापूंना दंडवत :)

मूळ प्रश्नावर येते. चांदणवेल, तुझी हळहळ समजते पण मला पटत नाही. तेव्हाच्या कोरियन मालिका कशा बनायच्या ते बघ. आठवड्याला तासाभराहून मोठे दोन भाग, आणि प्रक्षेपण सुरू झाल्यावरही चित्रीकरण चालूच. संहिता पानापानाने हातात यायची, सकाळी आलेली पानं त्याच दिवशी करायची. रात्र-रात्र सेटवर, गाडीत झोप. त्यात ऐतिहासिक मालिका म्हणजे डोक्यावर जड केशभार, थंडीत बाहेरची दृश्यं. आणि जांग-गुम जवळजवळ प्रत्येक प्रसंगात आहे. सहा-सात महिने असं काढल्यावर माणूस थांबला तर आपण त्याला 'काळ वाया घालवला' म्हणायचं?

शिवाय लग्नानंतर नायिकेला तिकडेही कुणाची तरी वहिनी नाहीतर सावत्र आई करून टाकायचे. ती त्या वाटेने गेली नाही. मला तिचं थांबणं फार आवडतं. मुलांना घेऊन ती शहराबाहेर यांगप्योंगकडे गावात राहायला गेली, मुलं थोडी मोठी झाली आणि मग आपल्या अटींवर परत आली.

चांदणवेल

रातराणी, थांबायचा हक्क तिचाच, त्यावर वाद नाही. माझी तक्रार उद्योगाशी आहे. पस्तीस वर्षांच्या बाईसाठी चांगली भूमिका लिहिणारे तेव्हा किती होते? ती थांबली की तिच्याजोगं कुणी काही आणलंच नाही, हे आपल्याला बाहेरून दिसत नाही.

हानकाठची_पोरगी

मी नोकरीनिमित्त सुवोनला असते. एक गोष्ट इथे राहिल्यावर कळली: ती कधी गायब नव्हतीच. 'हिस्टरी ऑफ हू' या महागड्या सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातीत तिचा चेहरा २००६ पासून वर्षानुवर्षं होता. विमानतळावर उतरलं की समोर तीच. मुळात तिची सुरुवातही जाहिरातींतूनच झाली, नव्वदच्या दशकाच्या आरंभी. एका प्रसाधनाच्या जाहिरातीमुळे तिला 'प्राणवायूसारखी मुलगी' म्हणायचे. त्यामुळे कोरियन लोकांच्या मनात तिची दोन आयुष्यं शेजारी शेजारी चालत आली, एक जाहिरातीतलं नितळ आणि एक अभिनयातलं. माझ्या मते तिचा सगळा झगडा त्या नितळ चेहऱ्याशी आहे.

सेट बघायला येणाऱ्यांसाठी: लोक योंगिनच्या 'देजांगगुम पार्क'ला जातात. ते एमबीसीचं मोठं ऐतिहासिक चित्रनगर आहे आणि बघण्यासारखं आहेच, पण ही मालिका मुख्यतः यांगजूच्या सेटवर झाली होती, आणि तिथलं पर्यटनस्थळ बंद होऊन बरीच वर्षं झाली. हद्दपारीच्या भागासाठी जेजू बेटावर जा. सोगविपोजवळ ओएदोलगे नावाचा समुद्रातला उभा कातळ आहे, तिथे तिचं चित्रीकरण झालं होतं. वारा असा सुटतो की उभं राहवत नाही.

कडकलक्ष्मी

हानकाठची_पोरगी, अगदी हेच मला म्हणायचं होतं. तिला सोज्वळ, शांत, सोशिक म्हणणाऱ्यांनी तिचं काम नीट बघितलेलं नाही असं माझं ठाम मत आहे.

१९९५ मध्ये 'सोगुंग' नावाची केबीएसची ऐतिहासिक मालिका झाली. त्यात तिने किम गे-शी केली होती. राजाच्या मर्जीतली, कारस्थान रचणारी बाई. म्हणजे जांग-गुमच्या आठ वर्षं आधी ती त्याच तऱ्हेच्या राजवाड्यात खलनायिका होती. मग २००० साली 'जॉइंट सिक्युरिटी एरिया'मध्ये दोन कोरियांच्या सीमेवरच्या खुनाचा तपास करणारी स्विस अधिकारी. आजूबाजूला सगळे पुरुष रडतात, आणि ही कोरड्या डोळ्यांनी प्रश्न विचारत राहते. २००१ च्या 'वन फाइन स्प्रिंग डे'मध्ये ती आकाशवाणीवरची घटस्फोटित निवेदिका आहे. प्रेमात पडलेल्या मुलाला ती सोडून जाते, आणि सिनेमा तिला त्याबद्दल शिक्षा करत नाही. ते बघून मी किती तरी दिवस तिच्यावर चिडले होते, आणि आता मला त्या बाईचंच पटतं.

'लेडी व्हेंजन्स'ची सुरुवात आठवा. कोरियात तुरुंगातून सुटणाऱ्याला पांढरं टोफू खायला देतात, पुन्हा पाप करू नये म्हणून. तेरा वर्षांनी बाहेर आलेल्या गुम-जाला पाद्री टोफूची ताटली पुढे करतो. ती शांतपणे बघते आणि एका बोटाने ताटली उलटी करते. चेहरा तोच, जांग-गुमचा. जगभरच्या लोकांनी ज्याच्यावर माया केली तो चेहरा तिने वर्ष-दीड वर्षात असा वापरला. याला धाडस लागतं.

आणि जांग-गुमसुद्धा सोशिक नाही. पुन्हा बघा. ती प्रत्येक वेळी 'का' विचारते. मार खाते आणि परत विचारते. तिच्या आत राग आहे, आणि ली यंग-ए तो सगळा राग कामात ओतते, हातांच्या हालचालीत. ती जडीबुटी कुटते तेव्हा बघा.

खडीसाखर

कडकलक्ष्मी, टाळ्या! हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका.

पाऊलवाट_२

मी अजून पाहिली नाहीये. कुठून सुरुवात करू? ५४ भाग बघून धीर होत नाही. आणि कृपया शेवट सांगू नका.

वऱ्हाडी_ठेचा

शेवटी ते गुहेत... बरं बरं, नाई सांगत.

सोलकढी

पाऊलवाट, पहिले चार-पाच भाग आईवडिलांचे आणि बालपणाचे आहेत, ते वगळू नका. पुढे घट्ट बसायचं असेल तर ते लागतात. मूळ कोरियन आवाजात, उपशीर्षकांसह बघा. ली यंग-एचा आवाज खालच्या पट्टीतला आहे, त्या आवाजाशिवाय अर्धी भूमिका जाते. आणि रुमाल जवळ ठेवा. हान सांगगुंगचा प्रसंग (यांग मी-ग्यंगने ती भूमिका काय केलीय!) जवळ आला तेव्हा कोरियातल्या प्रेक्षकांनी तिला मारू नका म्हणून वाहिनीला गळ घातली होती.

बोरूबहाद्दर

झालं, सांगितलंत की :)

पाऊलवाट_२

राहू दे, आता तर बघायलाच हवी.

बखरकार

पुनरागमनाबद्दल कुणी बोललं नाही अजून. २०१७ ची 'साइमदांग'. शिन साइमदांग म्हणजे सोळाव्या शतकातली चित्रकार आणि कवयित्री. २००९ पासून पन्नास हजार वॉनच्या नोटेवर तिचं चित्र आहे, पाच हजारच्या नोटेवर तिचा मुलगा, तत्त्ववेत्ता यी आय. आई-मुलगा दोघंही नोटांवर. ली यंग-एने त्यात दोन भूमिका केल्या, साइमदांग आणि आजची एक कलाइतिहासाची व्याख्याती.

या मालिकेचं नशीब राजकारणात अडकलं. कोरिया आणि चीनमध्ये एकाच वेळी दाखवायची म्हणून ती आधीच पूर्ण चित्रित करून ठेवली होती. २०१६ मध्ये अमेरिकेची 'थाड' ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवायचं दक्षिण कोरियाने ठरवलं, चीन चिडला, आणि तिकडे कोरियन मालिका व कलाकारांची वाट बंद झाली. प्रक्षेपण लांबलं. प्रत्यक्ष लागली तेव्हा कोरियातही अपेक्षेइतकी चालली नाही. मला स्वतःला पूर्वजन्माचं कथानक विस्कळीत वाटलं, पण कागदावर शाई पडताना तिचं बघणं मात्र फार सुंदर आहे.

रातराणी

'साइमदांग'मध्ये तिला पुन्हा आदर्श स्त्री व्हायला लावलं, तिथेच चुकलं. आदर्श पत्नी, आदर्श माता. तिची ताकद त्यात नाही. तिची ताकद २०२१ च्या 'इन्स्पेक्टर कू'मध्ये बघा. विस्कटलेले केस, मळके कपडे, कचऱ्याने भरलेलं घर. माजी पोलीस अधिकारी, नवरा गेलेला, दिवसरात्र दारू आणि संगणकावरचे खेळ. प्राणवायूसारखी मुलगी वयाच्या पन्नाशीत हे करते! समोर किम हे-जुन, कोवळ्या चेहऱ्याची खुनी. दोघींची जुगलबंदी बघताना जाणवतं की ली यंग-एला विनोदाचं अंग आहे आणि ते कुणी इतकी वर्षं वापरलंच नाही.

चांदणवेल

बघ, हेच तर मी म्हणतेय. 'कुणी वापरलंच नाही.'

रातराणी

अगं, पण ते तेव्हा असतं का? पन्नाशीतली, दमलेली, दारूत बुडालेली नायिका २००८ मध्ये कोरियन वाहिनीने मध्यवर्ती ठेवली असती असं मला वाटत नाही. ती थांबली त्या काळात उद्योग बदलला. केबल वाहिन्या आल्या, नेटफ्लिक्स आलं, बायकांसाठी वेगळं लिहिणाऱ्या लेखिका पुढे आल्या. ती परत आली तेव्हा तिच्यासाठी जागा तयार झाली होती.

दर्यावर्दी

दोघींचं म्हणणं एकाच वेळी खरं असू शकतं. जागा नव्हती म्हणून ती थांबली असेल, आणि थांबल्यामुळे नंतरच्या जागेत ताजी गेली असेल.

कडकलक्ष्मी

दर्यावर्दी, हे सर्वांना खूश करणारं उत्तर झालं. मी चांदणवेलच्या बाजूने जाते. त्या तेरा वर्षांत तिच्या वयाच्या किम हे-सूने मालिका आणि सिनेमे करत वाट काढलीच की. वाट अवघड होती, बंद नव्हती. ली यंग-एने कुटुंब निवडलं. ती निवड पूर्ण मान्य. पण प्रेक्षक म्हणून मला ती त्या वयात बघायला मिळाली नाही याचं वाईट वाटणारच, आणि ते वाटायलाही हरकत नाही.

हानकाठची_पोरगी

तिच्या त्या काळातली एक बातमी इथे अजून सांगतात. २०१४ मध्ये सोलला फिरायला आलेल्या एका तैवानी जोडप्याला वेळेआधी बाळ झालं, आणि इस्पितळाचं बिल आवाक्याबाहेर गेलं. ली यंग-एने ते भरलं. कुणाची ओळख ना पाळख. पडद्यावर नव्हती तेव्हा ती काय करत होती, त्याचा हा एक तुकडा.

आणि कुणाच्या लक्षात आलं नसेल तर: २०२५ च्या मे-जूनमध्ये तिने सोलच्या एलजी आर्ट्स सेंटरमध्ये 'हेडा गाबलर' केलं. इब्सेनचं नाटक, मुख्य भूमिका, तीन दशकांहून जास्त काळानंतर रंगमंचावर. मला तिकीट मिळालं होतं. हेडा काही प्रेमळ बाई नाही. कंटाळलेली, क्रूर, दुसऱ्याचं हस्तलिखित जाळणारी. मला कोरियन अजून नीट येत नाही, संवाद निम्मेच कळले, पण ती शेगडीपाशी बसून पानं आत टाकते तेव्हा थिएटरात कुणी हललं नाही. मालिकेत कॅमेरा तिच्या डोळ्यांजवळ जातो, इथे ती मला खूप लांब होती, आणि तरी मानेच्या एका हालचालीतून पोचत होती.

बखरकार

ईर्ष्या वाटली, खरंच. त्यानंतर सप्टेंबरमध्ये केबीएसवर तिची नवी मालिका आली, घर सावरायला धडपडणारी बाई अमली पदार्थांच्या धंद्यात ओढली जाते अशी. त्यातल्या पात्राचं नाव उन-सू, 'वन फाइन स्प्रिंग डे'मधलंही उन-सूच. मधे २०२३ च्या शेवटी 'माएस्त्रा' होती, वाद्यवृंदाची संचालिका, फ्रेंच मालिकेवरून केलेली. नाटक धरून पाच वर्षांत चार मोठ्या भूमिका, आणि एकही बाई सरळ नाही.

चांदणवेल

हे वाचून माझी हळहळ कमी झाली असं म्हणणार नाही. अडतिसाव्या वर्षीची हेडा मला बघायची होतीच. पण 'दे जांग गुम'नंतर तिचं सगळं थांबलं असं जे चित्र माझ्या डोक्यात होतं त्यापेक्षा २०२१ नंतरची यादी फार दणकट आहे. आता मागे जाऊन १९९९ ची 'छोदे' आणि २००० ची 'बुलक्कोत' बघायची आहे. कुणाला उपशीर्षकांसह मिळाली आहे का?

रातराणी

'बुलक्कोत' मी पाहिलीय, तुकड्यातुकड्यांत. लग्न ठरलेली बाई परदेशी सहलीत दुसऱ्याच पुरुषाच्या प्रेमात पडते, आणि तरी ठरलेलं लग्न करते. लेखिका किम सू-ह्यन, संवाद सपासप. ली यंग-ए त्यात सासरच्या जेवणाच्या टेबलावर जे भांडते ते बघच. शोधताना लेखिकेच्या नावाबरोबर मालिकेचं नाव आणि साल टाक, नाहीतर किम सू-ह्यन याच नावाच्या तरुण नटाच्याच मालिका समोर येत राहतील. दुवा सापडला की इथेच देते.